केबिनची मागली काच



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा करपा, हुमणी, गाभण म्हशी आणि ठिबकच्या नळ्या यांच्याविषयी असतात. या खेपेला एक पत्र निराळे आले. जुन्नर तालुक्यातील एका भगिनीने ते लिहिले आहे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात, "आमच्या पिकअप गाडीच्या केबिनच्या मागल्या काचेला तडा गेला आहे. खालच्या कोपऱ्यातून निघून वर तिरपी रेघ गेली आहे. मालकांनी वरून चिकटपट्टी लावली. म्हणतात, मागची तर काच, तिच्यातून कुठं रस्ता बघायचाय, चालतंय की. गाडी थोरला मुलगा चालवतो. मी धाकटीला मांडीवर घेऊन मधे बसते, आणि ती रेघ बरोबर माझ्या मानेमागे येते. इथला काचवाला मापाने काच कापून देतो म्हणतो, निम्म्या पैशात. बसवून घ्यावी का?"

तुम्ही म्हणाल, शेतीच्या साहेबाला गाडीची काच काय विचारायची! पण आज कित्येक घरी बैलजोडी गेली आणि दाराशी पिकअप किंवा छोटा टेम्पो उभा राहिला. बैलाच्या खांद्याला गाठ आली तर आपण लगेच हळद-तेल शोधतो, डॉक्टरला बोलावतो. गाडीचे दुखणे मात्र ती बंद पडेपर्यंत आपल्याला दिसत नाही. आणि या एका काचेविषयी तर मला लिहिलेच पाहिजे. का, ते पुढे सांगतो.

ताईंनी एक गोष्ट फार नेमकी लिहिली आहे, ती म्हणजे काचेला रेघ गेली आहे आणि काच अजून जागेवर उभी आहे. एवढ्यावरूनच मला शंका आली. पिकअप, टेम्पो आणि ट्रक यांच्या केबिनला कारखान्यातून जी मागली काच बसवून येते ती बहुधा टफन काच असते. घडवून झाल्यावर ही काच ६०० अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही अंगांनी गार हवेचा झोत सोडून झटक्यात निववतात. वरची कातडी आधी आवळते, आतला गाभा मागाहून आकसू पाहतो, आणि काचेच्या अंगात कायमचा ताण भरून राहतो. त्या ताणामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. पण एकदा कुठे तुटली की सगळी तुटते. तिला एखादीच रेघ जाऊन ती उभी राहत नाही. एका क्षणात सबंध काचेचे हरभऱ्याएवढे बोथट दाणे होतात. गाडीखाली असा ढीग पडलेला तुम्ही हमरस्त्याच्या कडेला पाहिला असेल. त्या दाण्यांनी खरचटते, पण खोल चिरत नाही.

मग रेघ जाऊन उभी राहते ती कोणती काच? एक तर थराची काच. दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घालून ती चिकटवलेली असते. गाडीची पुढची काच अशीच असते. दगड लागला तर तिला कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पडतात, पण ती गळून पडत नाही. नाही तर ती आपल्या घराच्या खिडकीची साधी काच असते, जी मागे कुणी तरी स्वस्तात कापून बसवून गेलेला असतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ताईंची गाडी नवी घेतली की जुनी, हे पत्रात नाही. माझा अंदाज जुनी असा आहे.

ओळखायचे कसे? काचेचे चारही कोपरे ओल्या फडक्याने पुसून बघा. खऱ्या सुरक्षा काचेच्या एका कोपऱ्यावर छोटा शिक्का उमटवलेला असतो. त्यात करणाऱ्याचे नाव आणि काचेचा प्रकार असतो, आणि आपल्याकडच्या काचेवर आय.एस.आय.ची खूण व आय.एस. २५५३ हा मानकाचा क्रमांक असतो. तो पुसला जात नाही, नखाने निघत नाही. चारही कोपरे कोरे असतील तर ती साधी काच आहे असेच धरून चाला. शिक्का असेल आणि तरीही रेघ उभी असेल तर रेघेवरून बाहेरून आणि आतून नख फिरवा. एकाच अंगाला नख अडकले तर ती थराची असण्याचा संभव जास्त. टफन काचेवर नुसता ओरखडा पडलेलाही कधी कधी रेघेसारखा दिसतो, पण तो आरपार गेलेला नसतो. तेवढ्याने घाबरायचे कारण नाही.

आता निम्म्या पैशातल्या काचेविषयी. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. हिऱ्याची लेखणी लावून तुकडा मोडायला गेलात तर सबंध काचेचा चुरा हातात येईल. म्हणून जो काचवाला दुकानात उभ्या उभ्या मापाने काच कापून देतो, तो तुम्हाला साधी काच देतो. त्यात त्याची लबाडी असते असे नाही. त्याला खिडक्या-कपाटांच्या काचा माहीत, तुम्ही माप सांगितलेत, त्याने कापून दिली. पण साधी काच फुटली की तिचे विळ्यासारखे लांब, टोकदार तुकडे होतात, आणि ते बसणाऱ्याच्या मानेवर, खांद्यावर आणि पाठीवर येतात. तेव्हा ताई, उत्तर आहे, नाही. ती काच बसवू नका.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. २०२३ सालचा जुलै तुम्हाला आठवत असेल. टोमॅटोचे भाव असे चढले होते की नारायणगावच्या बाजारात दर क्रेटला वेगळेच हसू होते. ज्याच्या वावरात माल होता तो रात्री झोपत नव्हता. माझ्या जाण्या-येण्यातले एक घर आहे, अण्णा, वहिनी आणि त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा. दोन एकर टोमॅटो होता. मी आठवड्यातून एकदा करपा बघायला जात होतो आणि परतताना त्यांच्याच पिकअपमध्ये बसून फाट्यापर्यंत येत होतो. दोनदा आलो. गाडी जुनी घेतलेली होती, मागली काच कापून बसवलेली होती, तिच्या खालच्या कडेला तडा होता. तो मी पाहिला होता. पानावरचा मोहरीएवढा ठिपका मला दहा हातांवरून दिसतो, पण माझ्याच पाठीमागच्या काचेविषयी मी एक शब्द बोललो नाही. माझे ते काम नाही असे वाटले असावे.

तिसऱ्या आठवड्यात पहाटे ते माल घेऊन निघाले. वीस-वीस किलोचे साठ क्रेट, एकावर एक रचलेले. केबिन आणि हौदा यांच्यामधे गार्ड होते, पण ते काचेच्या निम्म्यापर्यंतच. वरचे दोन थर त्याच्याही वर गेलेले. क्रेटची पुढची रांग गार्डला टेकलेली नव्हती, मधे हातभर जागा राहिली होती, कारण तिथे ताडपत्री कोंबायची सवय. वळणावर समोरून दूधवाल्याची मोटारसायकल आली. मुलाने ब्रेक मारला, आणि बरोबरच मारला, दूधवाला वाचला. वरचे क्रेट मात्र थांबले नाहीत. ते पुढे आले आणि काचेवर बसले. वहिनी मधे बसल्या होत्या. आवाज झाला तसा त्यांनी मुलाच्या मानेमागे हात घातला. आईचा हात तो, विचार करून जात नाही. वीतभर लांबीचा तुकडा मनगटापासून कोपरापर्यंत चिरत गेला. अकरा टाके पडले.

मुलाची मान वाचली. त्या तुकड्याचे टोक कुठे जाणार होते ते त्या घरात कुणी बोलत नाही, मीही बोललो नाही.

नंतरचा हिशेब ऐका. हात दीड महिना बांधलेला. म्हैस वहिनींच्या हाताची. अण्णांनी बसून बघितले, सुनेने बघितले, म्हैस पान्हाच सोडीना. दूध निम्म्यावर आले आणि पुढे आटलेच. ऐन तोडणीत घरचे एक माणूस कमी झाले, त्या भावात रोजाने बायका मिळेनात. आणि त्या पहाटेचे पुढच्या रांगेचे सगळे क्रेट अण्णांनी बाजूला काढले, कारण त्यांत काचेच्या कपच्या पडल्या होत्या. कुणी तरी म्हणाले, धुऊन घ्या की, सोन्याचा भाव चाललाय. अण्णांनी बांधाला खड्डा घेतला आणि सगळा माल त्यात लोटला. मला म्हणाले, "साहेब, कुणाच्या लेकराच्या ताटात गेलं असतं म्हंजे?" काच बदलायची मूळ रक्कम यातल्या एका क्रेटच्या आसपास होती की दोन, ते मी त्यांना विचारले नाही.

त्या गाडीत नवी काच बसवली तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. मिस्त्री म्हातारा होता आणि हाताचा गुणी. त्याच्याकडून जे शिकलो ते इथे देतो, कारण पुष्कळ ठिकाणी नवी काच बसवूनही वर्षाच्या आत ती पुन्हा फुटते, आणि मग लोक म्हणतात काचच खराब निघाली.

काच आपल्या गाडीच्या मॉडेलचीच मागायची. नवी मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलची मोडीत निघालेली गाडी असते, तिची मूळ काच चालते. कोपऱ्यावर शिक्का बघा आणि चारही कडांवरून नजर फिरवा. टफन काच मधे भक्कम आणि कडेला नाजूक असते. मधोमध मूठ मारलीत तर हात दुखेल, कडेला हलकी हातोडी लागली तर चुरा होईल. कडेला कपची उडालेली जुनी काच फुकट दिली तरी घेऊ नका. घरी आणताना ती फरशीवर उभी टेकवू नका, खाली दुमडलेले पोते घाला.

जुनी काच काढताना अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात जाड मोजे, डोळ्याला चष्मा आणि पायात बूट. मुलांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा. काचेवर दोन्ही अंगांनी रुंद चिकटपट्टीचे आडवे-उभे पट्टे मारले की तुकडे एकत्र निघतात. सीटवर आणि खाली जुने धोतर किंवा चादर अंथरा. एवढे करूनही दाणे सीटच्या फटीत, दाराच्या खाचेत जातात. सीटबेल्टचे कुलूप मात्र आवर्जून बघा. तिथे एक दाणा अडकला तर पट्टा अर्धवट बसतो आणि नेमक्या वेळी सुटतो.

मग खरे काम. बहुतेक जुन्या गाड्यांत आणि ट्रकांत काच रबराच्या चौकटीत बसवलेली असते. ते रबर काढले की पत्र्याची कड दिसते. मिस्त्रीने ती कड दाखवली तर तिथे गंजाचा फुगवटा आलेला. रबरातून वर्षानुवर्षे पावसाचे पाणी झिरपत होते. गंजाने पत्रा फुगतो, आणि तो फुगवटा काचेच्या कडेला, तिच्या नाजूक ठिकाणीच, दाब देतो. गाडी खड्ड्यातून गेली की पत्रा पिळला जातो आणि काच तडकते. गंज खरवडून, पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साईडचा हात मारून, तो वाळल्यावर रंग द्यायचा. एक दिवस जातो, जाऊ द्यावा. जुन्या रबराच्या खाचेत काचेचा एक दाणा जरी राहिला तरी तो नव्या काचेला खडा होऊन टोचतो. माझे मत असे की काच नवी तर रबरही नवेच घ्यावे. उन्हाने कडक झालेले रबर वाकत नाही, ते काचेला झेलत नाही.

काच बसवण्याची त्याची रीत अशी. रबर आधी काचेला चौफेर चढवायचे. रबराच्या बाहेरच्या खाचेत मजबूत नायलॉनची बारीक दोरी सबंध फिरवायची आणि तिची दोन टोके खालच्या मध्यावर एकमेकांवरून नेऊन मोकळी सोडायची. रबराला साबणाचे पाणी लावायचे. डिझेल, ऑईल, ग्रीस यांतले काही लावायचे नाही, तेलाने रबर फुगते आणि सडते. मग एकाने बाहेरून काच तळहातांनी चौकटीवर दाबून धरायची आणि दुसऱ्याने केबिनमध्ये बसून दोरीचे टोक हळूहळू ओढायचे. दोरी निघत जाते तसतशी रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवरून आत येऊन बसते, बाळाच्या अंगात झबले चढावे तशी. जोर करायचा नाही. अडले तर थांबायचे आणि पुन्हा साबण लावायचा. शेवटी वरून बादलीभर पाणी ओतून आत थेंब येतो का बघायचे. सीटमागे पाणी मुरत राहिले तर तळाचा पत्रा कुजतो आणि गाडीची कागदपत्रे भिजतात ते वेगळेच.

नव्या काही गाड्यांत रबर नसते, काच गोंदासारख्या चिकट मसाल्याने चिकटवलेली असते. ते काम घरी करू नये. जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे आणि तो सांगेल तितके तास गाडी हलवू नये. ओल्या मसाल्यावर खडबडीत रस्ता धरलात तर काच सरकते. काही गाड्यांना मागे सरकती काच असते. ती अडकली की लोक तिला पान्ह्याने ठोकतात. बहुतेक वेळा खालच्या खोबणीत माती आणि वाळलेला पाला साचलेला असतो. जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने खोबण साफ करा, पाण्याने धुऊन वाळवा, एवढ्यानेच ती चालू लागते.

पण काच कितीही चांगली बसवली तरी तिच्या मागे ढकलणारा माल तसाच ठेवला तर ती पुन्हा फुटणार. काच हा काही बंधारा नव्हे. माल अडवायचे काम लोखंडी गार्डचे. गार्ड काचेच्या वरच्या कडेपर्यंत पाहिजे आणि त्याला जाळी पाहिजे. नुसत्या उभ्या सळ्यांमधून क्रेट येणार नाही, पण टोमॅटोचा बांबू सहज येतो, आणि बांबूचे टोक काचेला लागले की ते भाल्यासारखेच. गार्ड आणि काच यांमधे वीतभर अंतर ठेवा.

वेल्डिंगवाल्याला एक गोष्ट निक्षून सांगा, गार्ड हौद्याला जोडायचे, केबिनला नाही. पिकअपचे केबिन आणि हौदा हे चासीवर बसवलेले दोन निरनिराळे भाग आहेत. खड्ड्यातून जाताना दोघे निरनिराळे डुलतात. दोघांना एका लोखंडाने जखडले तर तो पीळ केबिनच्या पत्र्यावर आणि तिथून काचेवर येतो. हाच दोष वीस फुटी पाइप वाहताना होतो. एक टोक हौद्यात, दुसरे केबिनच्या टपावर, मधे दोर आवळलेला. गाडी डुलली की पाइप टपाला ठोसे देतात. असे पाइप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा लांब हौद्याच्या गाडीतून आणा, भाडे पडले तरी चालेल. आणि वेल्डिंग चालू असताना काचेवर ओले पोते टाका. ठिणगी काचेवर पडली की बारीक डाग कोरला जातो, आज दिसत नाही, पण तेवढ्या जागी काच कमजोर होते. बॅटरीची वायर काढून ठेवायलाही विसरू नका.

माल भरताना पुढची रांग गार्डला घट्ट टेकवून लावा. अण्णांच्या गाडीतली ती हातभर मोकळी जागाच नडली. टेकलेला क्रेट नुसता दाब देतो, मोकळा क्रेट धाव घेऊन धडक देतो. ही धाव किती मोठी असू शकते ते सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर मागचा सुटा क्रेट त्याच वेगाने पुढे येतो. सुमारे वीस फुटांवरून खाली टाकलेल्या वस्तूचा जो वेग असतो तोच हा वेग. दुमजली माडीवरून वीस किलोचा क्रेट कुणाच्या पाठीत टाका असे कुणी म्हणेल काय? थर गार्डच्या वर नेऊ नका आणि वरून आडवा दोर घाला. भाव चढला म्हणून दोन थर जास्त, हा मोह मला कळतो. पण ते दोन थरच पुढे येतात.

ताईंना आणखी एक सांगणे आहे. धाकटीला मांडीवर घेऊन बसता, त्याने जीवाला बरे वाटते. पण झटका बसला की आईच्या हातांना लेकराचे वजन धरवत नाही, ते वजन त्या क्षणी कित्येक पट होते. बाजाराच्या फेरीला धाकटीला आजीजवळ ठेवा. आणि तोडणीच्या दिवसांत मजूर बाया हौद्यात बसून केबिनला, म्हणजे याच काचेला, पाठ टेकवून येतात, ते तर बंदच करा. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही हे आपल्याला ठाऊक असते. अपघात झाला तर त्या बायांना विम्याचा आधार मिळणे दुरापास्त होते, हे त्या बायांना ठाऊक नसते.

नवी काच येईपर्यंत काय करायचे? रेघ असलेल्या काचेला दोन्ही अंगांनी पारदर्शक रुंद पट्टी मारा, म्हणजे तुटली तरी तुकडे लोंबतील, उडणार नाहीत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, रेघ पुढे पळते. गाडी रिकामी न्या, मधल्या जागी कुणाला बसवू नका. काच पार गेलीच असेल तर जाड पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चिकटवा. खताचे पोते किंवा पुठ्ठा लावला तर गाडी मागे घेताना काही दिसत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मागल्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असे म्हटले आहे, ते उगीच नाही. मागे भोक तसेच ठेवून गाडी चालवली तर धावत्या केबिनच्या मागे जी पोकळी होते ती रस्त्याची धूळ आणि धूर आत ओढते. हौद्यात फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या असतील तर त्यांचा वासही आतच येतो. त्यातून डोके दुखायला लागले की आपण उन्हाला दोष देतो.

विम्याचेही बघून ठेवा. नुसता तृतीय पक्षाचा विमा असेल तर काचेचे काही मिळणार नाही. पूर्ण विमा असेल तर काचेच्या भागावर घसारा कापत नाहीत, मात्र सुरुवातीची ठरावीक रक्कम आपली आपण भरायची असते आणि दावा केला की पुढच्या वर्षीची हप्त्यातली सूट जाते. एकट्या मागल्या काचेसाठी दावा पुष्कळदा परवडत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा, मुलीला शाळेतली वजाबाकी करायला लावा. दावा करणारच असाल तर झाडलोट करण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. काच फुटल्यावर तुम्ही केबिन झाडता, हौदा झाडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात कडबा, मक्याची वैरण किंवा सरकी पेंड येते. जनावर वैरण निवडून खात नाही, जिभेने ओढते आणि गिळते. लोखंडाचा तुकडा चुंबकाने सापडतो, काच चुंबकाला लागत नाही. म्हणून हौदा आधी कोरड्या केरसुणीने, मग ओल्या पोत्याने पुसून काढा आणि फाळका उघडून पाण्याच्या जोराने धुवा. रात्री बॅटरीचा झोत हौद्याच्या तळाशी आडवा टाका, राहिलेला दाणा चमकतो. फळ्यांच्या सांध्यात खिळा फिरवून बघा. ते धुतलेले पाणी आणि केर उकिरड्यावर टाकू नका, तिथून तो शेणखताबरोबर वावरात जातो आणि पुढे निंदणाऱ्या बाईच्या हातात निघतो. डब्यात भरून झाकण लावा आणि भंगारवाल्याला द्या, नाही तर वहिवाटीपासून दूर खोल पुरा.

अण्णांच्या घरी मागच्या महिन्यात गेलो होतो. वहिनींच्या हातावरचा वण आता पांढरा पडला आहे, करंगळी मात्र अजून पुरती मिटत नाही. म्हैस विकली, तिच्या जागी दुसरी आणली आहे. गाडीत बसण्याआधी मी मागे जाऊन गार्ड बघितले, तेव्हा वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "बघा बघा साहेब, आता रोज मीच बघते."

ताई, आज संध्याकाळी गाडी घरी आली की ओले फडके घेऊन चारही कोपरे पुसा आणि शिक्का आहे का ते कार्डावर लिहून कळवा. कोपरे कोरे असतील तर पत्राची वाट बघू नका, मालकांना हा अंक दाखवा आणि काच बदलेपर्यंत मधल्या जागी बसू नका. पुढील अंकात खरीप कांद्याच्या रोपवाटिकेविषयी लिहीन.